उंदराच्या बाकावरून

वरसे, रोहा
आषाढातला पहिला गुरुवार

प्रिय रघू,

तुझे तीनही निरोप पोचले. पहिला तुझ्या प्रविणच्या फोनवरून. दुसरा तू स्वतः माझ्या हर्षदला कंपनीत फोन करून दिलास तो. तिसरा पुतळीकडून, बहीण माझी, पण निरोप अगदी तुझ्या आवाजात सांगितला तिनं, "म्हयपतीला म्हनावं, आखणीचा पाट धूळ खातोय, कवा येतोस?" तिन्ही वेळा मी गुडघा पुढे केला. गुडघ्याला काहीएक झालेलं नाही. काल संध्याकाळी वरसेपासून कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालत जाऊन आलो, वाटेत बसलोसुद्धा नाही.

खरं कारण असं की मला तुझा संशय येतो. गेल्या श्रावणापासून येतो. सत्तावन्न वर्षांची आपली दोस्ती, आणि हे वाक्य लिहायला मला अकरा महिने लागले. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू हसून विषय बदलला असतास आणि मीही तुझ्यामागून हसलो असतो. ते आपण आयुष्यभर केलं. पत्रात तसं करता येत नाही. तेव्हा आता सगळं क्रमानं मांडतो. यातलं बरंचसं तुला ठाऊकच आहे, पण पुरावा मांडायचा तर तो पहिल्यापासून मांडावा.

श्रावणातला शुक्रवार होता. दुपारचे चार वाजले असतील. पेणच्या आपल्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती पाच रांगांत उभ्या होत्या, अंगरंग झालेल्या, डोळ्यांच्या जागा नुसत्या पांढऱ्या. त्यातल्या वीस-बावीस मूर्तींचे डोळे मी सकाळपासून आखले होते, आणि मागे नळावर हात धूत होतो. पुढच्या खोलीत तुझा प्रविण त्याच्या बायकोला म्हणाला, "आजचं चंद्र किती?" नमिता म्हणाली, "सात. मागं झोपवलेत. जाऊ देत त्यांना, मंग बगू." मी हात पुसत पुढे आलो. मग नमिता घाईनं म्हणाली, "काका, चा टाकते हां. पाचची एसटी हाय ना तुमची? चुकंल." रघू, मी आधी भिंतीलगतच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामं होतं.

ती भाषा आपली, तुझी आणि माझी. मी सतरा वर्षांचा, तू सोळाचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना आपसात बोलायला काहीतरी हवं म्हणून आपण ती जुळवली. गिऱ्हाईक म्हणजे उंदीर. गणपतीच्या पायाशी येऊन कुरतडत बसतो, सोंड जाड झाली, कान लहान झाला, मागच्या वर्षीचा हसरा होता. त्याला बसायला ठेवलेलं ते लांब बाक म्हणजे उंदराचं बाक. मूर्तीत काही खोड निघाली, कान चिरला, बोट टवकलं, की ती मूर्ती म्हणजे चंद्र. चतुर्थीला चंद्र बघायचा नसतो तसा उंदरानं तो बघायचा नाही. आणि असली मूर्ती गोणपाटाखाली घालून मागच्या पडवीत नेऊन दुरुस्त करायची, ते झोपवणं. "चंद्र हाय, झोपव," एवढं म्हटलं की झालं. समोरच्या माणसाला वाटायचं पोरं काहीतरी देवाधर्माचं बोलतायत. कुंभार आळीतल्या दुसऱ्या कारखान्यांत त्यांची त्यांची बोली असेल, पण ही फक्त आपल्या चार भिंतींतली. ती तू प्रविणला शिकवलीस, प्रविणनं नमिताला, यात वावगं काही नाही. पण ही भाषा बोलायला कोणीतरी उंदीर समोर असावा लागतो. त्या दिवशी कारखान्यात उंदीर नव्हता. मी होतो.

पाचच्या एसटीत खिडकीशी बसून मी विचार करत होतो, गडब गेलं, नागोठणं गेलं, कळलंच नाही.

पहिला संशय असा आला की तू कारखाना विकतोयस. सात म्हणजे सात गिऱ्हाइकं असतील जागेची, शब्द फिरवले असतील. मग वाटलं, मशीन आणलंय. हल्ली रंग फवाऱ्यानं मारतात, डोळ्यांचे छाप निघाले असतील तर काय सांगावं. मागच्या पडवीत झाकून ठेवलं असेल. प्रविणला आडून विचारलं, तर तो हसला, "काका, डोळं मशीन आखाया लागलं तर तुमाला कोन इचारील?" हे बोलणं साधं होतं की टोमणा होता, यावर मी दोन दिवस घालवले. आणि एकदा संशयाचा चष्मा चढल्यावर मग सगळंच दिसायला लागलं. पूर्वी मला एसटीची आठवण कोणी करून देत नसे, आता रोज पावणेपाचला कपबशी हजर. पूर्वी मागच्या पडवीचं दार उघडं असे, आता ओढलेलं. आणि नमिता. मी आखायला बसलो की ती माझ्या पाठीमागे येऊन उभी राहायची. हातात काहीतरी निमित्ताचं, फडकं नाहीतर रंगाची वाटी. नुसती उभी. मी मान वळवली की निघून जायची. तुझ्या सुनेला तू माझ्यावर पाळतीला ठेवलंयस, असं माझ्या मनानं घेतलं.

घरीही काही वेगळं नव्हतं. तुला वाटेल म्हातारा घरच्यांवरही संशय घेतो, तर हो, घेतो. इथे प्रत्येकाची भाषा निराळी आहे. मुलगा हर्षद धाटावच्या कंपनीतून येतो आणि फोनवर बोलतो, "रिलीव्हर आला नाय, डबल मारली, बॅच अजून उतरली नाय." पहिल्या वर्षी मी सूनबाईला, प्रणिताला, विचारलं होतं की हा कोणाला मारून आला. नात मृणाली कॉलेजात जाते, तिचं वेगळंच. मी परवा धोतर नेसून देवळात निघालो तर म्हणते, "आजोबा, विषय हार्ड!" आणि तिच्या मैत्रिणींना पानावर कविता लिहून दाखवली तर त्यातली एक पुटपुटली, "क्रिंज." मी एक वही केली आहे. शंभर पानी. त्यात हे सगळे शब्द लिहून ठेवतो, समोर अर्थ. अर्थ कळला की खूण करतो. मृणाली म्हणाली, "अहो, सरळ विचारा ना." पण विचारून कळलेला शब्द आपला होत नाही, रघू. त्या माणसांत बसून तो आपसूक कळला पाहिजे. माझे वडील मिठागरात होते. मीठ पिकलं, मीठ पिकलं म्हणायचे, तर मी लहानपणी समजत होतो की भातासारखं मिठालाही लोंब्या येतात. एके दिवशी त्यांच्याबरोबर बांधावर उकिडवा बसलो, पाण्यावर पांढरी साय धरताना पाहिली, आणि तो शब्द माझा झाला. कोणी सांगावं लागलं नाही. तर सांगायचं हे, की ज्या भाषेचे शब्द मला वहीत लिहावे लागत नाहीत अशी एकच जागा उरली होती, आपला कारखाना. आणि तिथेच मला माझ्याच शब्दांनी बाहेर बसवलं.

आता त्या ओळीबद्दल सांगायला हवं. तू मला चाळीस वर्षं चिडवलंस, "म्हयपती डोळं आखत नाय, परवचा म्हनतो." शाळेत सातवीपर्यंतच गेलो, पण कवितेचा तास कधी चुकवला नाही. आमचे गुरुजी टेबलावर दोन बोटांनी ताल धरून भुजंगप्रयात म्हणायचे, सगळा वर्ग डुलायचा. त्यांनी एकदा सांगितलं, प्रत्येकानं एक ओळ रचून आणा. मी खारपाटातल्या आमच्या घरावर रचली: "निळी खाडि वाहे, उभे मीठ दारी." गुरुजींनी फळ्यावर लिहिली. रघू, माझ्या हातून त्याहून मोठं काही झालं असेल असं मला वाटत नाही. पुढे आखणीच्या पाटावर बसलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की डोळ्याची वरची रेघ आणि ही ओळ अगदी एकाच मापाची आहे. नाकाकडून सुरुवात. "निळी खाडि वाहे" म्हणेस्तोवर पापणीच्या उंचवट्यावर यायचं. तिथे यती, क्षणभर थांबायचं, कुंचला न उचलता श्वास घ्यायचा. "उभे मीठ दारी" म्हणत कानाकडे उतरायचं, आणि शेवटच्या अक्षराला केसभर वर उचलायचं. त्या उचलण्यानं मूर्ती हसते. मूर्ती फिरवून घेतो पण रेघ नेहमी नाकाकडून कानाकडे. तू डावखुरा, तू उलटा, कानाकडून नाकाकडे. म्हणून तर तुझ्या वडिलांनी, नानांनी, पाट मला दिला आणि कारखाना तुला. जिथे रेघ सुरू होते तिथे ती जाड, जिथे संपते तिथे बारीक. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. आपल्याला अंधारातही दिसेल.

मी ही ओळ ओठांतल्या ओठांत म्हणतो, गुणगुणल्यासारखी. गेल्या श्रावणात, त्या शुक्रवारनंतर चार-पाच दिवसांनी असेल, नमिता नळावर कप विसळत होती आणि गुणगुणत होती, "निळी खाडि वाहे." माझीच चाल. यतीसुद्धा माझी. मला वाटलं ही माझी नक्कल करतेय. मी गेल्यावर सगळे मिळून हसत असतील, आणि ही तुझी सून मला करून दाखवत असेल. त्या दिवशी मी चहा न घेता निघालो. तुला आठवत असेल, तू दारापर्यंत आलास आणि म्हणालास, "काय रं, रागावलास काय?" मी म्हटलं, "नाय रं, गाडी चुकंल." तुमचंच कारण तुम्हालाच.

मग गणपती आले. पुतळीकडे गडबला गेलो. तिचा गणपती म्हणजे तुला माहीतच आहे, दरवर्षी मी निवडून देतो आणि डोळे सगळ्यांत आधी तिच्याच मूर्तीचे आखतो. आरती झाली, मंडळी जेवायला बसली, मी मखरासमोर एकटा उरलो. सहज पाहिलं आणि नजर तिथेच अडकली. रेघ कानाकडे जाड होती, नाकाकडे बारीक. दोन्ही डोळ्यांची. मी चष्मा पुसून पाहिलं, निरांजन जवळ नेऊन पाहिलं. पुतळी आतून ओरडली, "अरं दादा, मिशी जाळशील! जेवाया ये." रघू, त्या मूर्तीचे डोळे मी आखले होते. आणि समोर होते ते तुझे होते.

आखणीनंतर डोळ्याला कोणी हात लावायचा नाही, हा नानांचा नियम. ज्याचा पाट त्याची आखणी. तू माझे डोळे पुसलेस. अंगरंगाचा हात देऊन, वर तुझी रेघ ओढून, माझ्या बहिणीच्या घरी पाठवलेस, आणि मला चहा पाजून पाचच्या एसटीत बसवलंस. सात चंद्र म्हणजे काय ते मला तिथे पाटावर ताट येईपर्यंत कळलं. मी जेवलो. पुतळीनं दोनदा विचारलं, मोदक आवडले नाहीत का.

दुसऱ्या दिवसापासून मी घरोघरचे गणपती बघत फिरलो. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला भक्ती फुटली. आपल्या कारखान्याची मूर्ती जिथे जिथे गेली असेल असं आठवलं तिथे तिथे गेलो. नागोठण्यात दोन घरी तुझी रेघ. माझा राग वाढत होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागात एक सुखही होतं. मी बरोबर होतो, तुम्ही चोर होता. तिसऱ्या दिवशी हर्षदच्या सासऱ्यांकडे गागोदे बुद्रुकला गेलो. त्यांची मूर्ती पाहिली आणि मला हसू फुटलं. उजवा डोळा समोर बघतोय, डावा दाराकडे. वरची रेघ म्हणजे ओल्या भिंतीवर मुंगी चालत गेल्यासारखी. व्याही म्हणाले, "औंदा बाप्पा जरा रुसल्यावानी वाटतो, नाय?" मी म्हणायला तोंड उघडलं होतं, की कोणा शिकाऊनं आखलाय हा, रघूनं असा माल बाहेर कसा पाठवला. तेवढ्यात रेघेच्या टोकाशी नजर गेली. कानाकडे, शेवटी, केसभर वर उचललेली. "दारी" मधल्या "री"वर.

घाईत निसटला असणार तो तुमच्या हातून. झोपवायचा राहून गेलेला चंद्र.

मी व्याह्यांना म्हटलं, "रुसलेला नाय, झोपेतनं उठलाय." ते हसले. पाणी मागून प्यायलो. पेला धरलेला हात मी पहिल्यांदाच असा पाहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. पाणी पेल्यात थरथरत होतं. हे किती वर्षांपासून आहे रघू? मला पाटावर बसल्यावर कधी जाणवलं नाही. ओळ तर माझ्या ओठांत अजून तशीच बिनचूक येते. मला वाटत राहिलं, ओळ सरळ म्हणजे रेघ सरळ.

त्या दिवसानंतर मी कुठेही जाणार नव्हतो. पण पाचव्या दिवशी हर्षदचा कंपनीतला मित्र सुशील, इथेच वरसेला आमच्या मागच्या गल्लीत राहतो, तो हात धरून घेऊन गेला, "काका, तुमचाच गणपती हाय, तुमी नाय तर कोन येनार?" त्याच्याकडे पेणची आपली मूर्ती, शाडूची, दीड फुटी. मी मान वर करायला तयार नव्हतो. शेवटी केली. आणि रघू, मला वाटलं मी चाळीस वर्षांचा आहे. नाकाकडून सुरू झालेली रेघ, भरलेली, उंचवट्याशी यती, तिथे कुंचला न उचलता घेतलेला श्वास दिसत होता मला, आणि मग उतार, आणि शेवटी ते केसभर. तुझी नव्हती ती, तू जन्मात तशी ओढू शकणार नाहीस. माझी म्हणावी तर माझी रेघ मी गागोद्यात पाहून आलो होतो. मी सुशीलच्या घरच्या चटईवर बसून राहिलो. त्याची मुलगी प्रसाद घेऊन आली तर मी तिलाच विचारलं, "ही रेघ कोणाची गं?" तिला काय कळणार.

मला कळायला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला. कप विसळताना गुणगुणणारी नमिता. पाठीमागे फडकं घेऊन उभी राहणारी नमिता. नक्कल नव्हती ती. पाळतही नव्हती.

तरी मी दहा महिने गप्प बसलो. का, ते आता सांगतो. आणि ते मी तुला अडतीस वर्षं सांगितलेलं नाही. तू माझ्यापासून काही लपवलंस तर मी तुझ्यापासून त्याहून मोठं लपवलंय.

नानांची शेवटची तीन वर्षं आठव. मोतीबिंदू पिकला होता, ऐकायला तयार नव्हते. जनूनाना म्हणजे अख्ख्या आळीचा आखणीवाला, त्यांना कोण सांगणार की डोळे वाकडे पडतायत? आपण सांगितलं नाही. नाना समोर बसलेले असताना तू मला म्हणायचास, "चार चंद्र," मी म्हणायचो, "झोपव." नाना घरी गेले की आपण पडवीत बसायचो, मी त्यांचे डोळे पुसून नवे आखायचो, तू कंदील धरायचास. सकाळी नाना येऊन मूर्ती हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "बघा, अजून हात चालतो माजा." आपण एकमेकांकडे बघायचो नाही. आपल्याला वाटायचं आपण म्हाताऱ्याला फसवतोय, पण चांगल्यासाठी.

नानांनी पाट सोडला तो दिवस. विसर्जनानंतर कारखाना झाडून झाला होता. तू रंगाच्या बरण्या धुवायला गेला होतास. नानांनी मला जवळ बोलावलं, खारीच्या केसांचा कुंचला ओल्या फडक्यात गुंडाळून दिला, आणि म्हणाले, "म्हयपती, उंदरांची भाषा माज्यासमोर बोलायची काय गरज व्हती रं? मी बहिरा नाय." ते म्हणाले, "पयल्यांदा लय राग आला. वाटलं, दोघांना हाकलून देतो. मंग एक दिवस बगितलं, तुजा हात बसतोय. कोऱ्या मूर्तीवर बसवला असता तर भ्याला असतास. माजा बिघडलेला डोळा सुदारताना कोन भितो? म्हनून मी रोज येत गेलो आनि बिघडवीत गेलो. रगूला सांगू नको. त्यो रडंल." तीन वर्षं, रघू. आखणी मी नानांच्या वाकड्या डोळ्यांवर शिकलो, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आणि ते रोज सकाळी आपल्याकडे शाबासकी मागत होते. तू रडशील म्हणून नाही, मला लाज वाटली म्हणून मी सांगितलं नाही. आज सांगितलं.

तेव्हा तुला चोर म्हणायला माझं तोंड नाही. फरक एवढाच, की नाना जाणून बिघडवत होते आणि मला पत्ताच नव्हता. गेले दहा महिने मी याच विचारात होतो, की गुपचूप यावं, नानांसारखं न कळल्याचं सोंग घ्यावं, तुम्ही चहा द्याल तो घ्यावा, पाचची एसटी पकडावी. जमलंही असतं. पण सुशीलच्या मूर्तीवरची रेघ पाहिल्यावर त्याची गरज उरली नाही. नमिताचा हात बसलाय. आता तिला बिघडलेले डोळे नकोत, कोरी मूर्ती हवी. आणि पडवी नको, खिडकीचा उजेड हवा.

फक्त एक कच्चं आहे, आणि हे पत्र त्यासाठी लिहिलं. तिची वरची पापणी पक्की, खालची मात्र चाचपडत गेलेली आहे, दोन ठिकाणी थांबून. साहजिक आहे. वरच्या रेघेची ओळ मी गुणगुणतो, ती तिनं पाठीमागे उभं राहून उचलली. खालच्या रेघेची दुसरी ओळ आहे, ती मी कधी मोठ्यानं म्हटली नाही. गुरुजी म्हणाले होते की हिचं यमक लंगडं आहे, म्हणून ती मनातच ठेवली. तुलाही माहीत नाही. आमची आई तिन्हीसांजेला पुतळीला बांधावरून हाक मारायची, त्यावर रचलेली आहे. तर सोमवारी सकाळच्या एसटीनं मी येतोय. आखणीचा पाट धुवून खिडकीशी मांडून ठेव आणि नमिताला त्यावर बसव. आजवर त्या पाटावर बाईमाणूस बसलं नाही म्हणून कोणी कुरकुरलं तर नानांचा कुंचला मी तिच्या हातात देणार आहे, एवढं सांग. माझ्यासाठी वेगळं काही करू नका. मी उंदराच्या बाकावर बसेन, गिऱ्हाईक आलं तर सरकून घेईन, आणि माझ्यासमोर चंद्राला चंद्रच म्हणा, मला कळतं. ओळ इथे लिहून देतो, सोमवारपर्यंत तिच्या ओठांत बसू दे. नाकाकडून सुरुवात, मधे श्वास, आणि शेवटच्या अक्षराला उचलायचं नाही, तिथे अलगद सोडून द्यायचं:

"म्हणे माय ये ये, दिवा लाव पोरी."

तुझाच,
महिपती